‘वहिवाटीच्या जागा’ आणि सेलिलोचा धबधबा

१० मार्च १९५७. रविवारचा दिवस. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात ओरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांची सीमा होऊन वाहणाऱ्या कोलंबिया नदीवर, द डॅल्स या गावाजवळ बांधलेल्या नव्या धरणाचे दरवाजे त्या सकाळी मिटविण्यात आले. पाणी फुगत फुगत मागे सरकले आणि सहा तासांच्या आत वरच्या अंगाचा सेलिलो धबधबा दिसेनासा झाला. दोन्ही काठांवर माणसांची गर्दी होती. त्या दिवसाच्या ज्या आठवणी पुढे नोंदल्या गेल्या, त्यांत पाण्याखाली जाणाऱ्या खडकांपेक्षा आवाजाचाच उल्लेख अधिक येतो. कित्येक मैलांवरून ऐकू येणारी गर्जना थांबली, आणि त्या शांततेची सवय वृद्धांना अखेरपर्यंत झाली नाही. तेथील मूळ वस्तीचे नाव ‘वायम’. पडणाऱ्या पाण्याचा प्रतिध्वनी, असा त्याचा अर्थ सांगतात. ज्या गावाचे नावच ध्वनीवरून पडले, त्या गावाचा ध्वनी एका दुपारी बंद करण्यात आला.

आम्ही साहित्याचे अध्यापक आहोत. धरणाचे यंत्रशास्त्र समजावून सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु या धबधब्याभोवती जे शब्द साठले आहेत – तहातले, निवाड्यातले, हिशेबातले, गाण्यातले – ते वाचणे मात्र आमच्या कामाच्या कक्षेत येते. किंबहुना हे प्रकरण मुळात वाचनाचेच आहे असे आमचे मत होत चालले आहे.

आधी जागेविषयी. सेलिलो हा उंचीने मोठा धबधबा नव्हता. पाणी साधारण वीस फूट कोसळे. मोठी होती ती नदी. एवढे थोरले पात्र काळ्या बसाल्टच्या खडकांत आवळले जाई, फुटे, चिरांतून उसळे. समुद्रातून अंडी घालण्यासाठी उलट पोहत येणारा सामन मासा येथे अडे, उड्या घेई, आणि नेमका तेथेच माणसाच्या हाताच्या टप्प्यात येई. खडकांच्या कडेला लाकडी मचाणे बांधलेली असत. त्यांवर कमरेला दोर बांधून उभे राहायचे, लांब दांड्याला लावलेली झोळीसारखी जाळी फेसाळ पाण्यात सोडायची आणि माशाच्या वजनासकट ती वर ओढायची. कोणते मचाण कोणत्या घराण्याचे हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले होते. वसंतात पहिल्या सामनचा सोहळा झाल्याखेरीज कोणी जाळे टाकायचे नाही, आणि मासेमारी केव्हा सुरू करायची, केव्हा थांबवायची हे तेथील मुखियाने सांगायचे. मुक्त लूट नव्हती. मर्यादा होती, शिस्त होती.

हे किती जुने? लुथर क्रेसमन या पुरातत्त्वज्ञाने धरण होण्यापूर्वी, घाईघाईने, धबधब्याच्या खालच्या बाजूला उत्खनन केले. तेथे सामनच्या मणक्यांचे ढीग सापडले आणि वस्तीचा काळ दहा हजार वर्षांच्या आसपास गेला. १८०५ च्या ऑक्टोबरात लुईस आणि क्लार्क यांची मोहीम येथून गेली, तेव्हा क्लार्कने खडकांवर रचून ठेवलेल्या सुक्या, कुटलेल्या माशांच्या थप्प्या मोजल्या. त्याच्या अंदाजाने तो माल दहा हजार पौंडांचा होता. हा परिसर म्हणजे साऱ्या मुलखाची पेठ आहे, अशा आशयाचे त्याचे निरीक्षण आहे. किनाऱ्यावरचे शंख, पठारावरचे घोडे व कातडी, दूरदूरचा धारदार काचदगड, सर्व येथे येऊन माशाच्या बदल्यात हात बदलत असे. सोयरिकी जुळत, जुगार चालत, भांडणे मिटत. आपल्याकडच्या मोठ्या जत्रेचे आणि बाजारपेठेचे रूप एकत्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे थोडीफार कल्पना येईल.

आता तह. १८५५ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स आणि ओरेगनचा इंडियन खात्याचा अधीक्षक जोएल पामर यांनी या भागातील जमातींशी तह केले. आज याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या नावांनी ओळखले जाणारे चार समूह त्यांतून आकाराला आले. एकट्या याकामांनी एक कोटी एकरांहून अधिक भूमी सोडली. सोडताना एक गोष्ट मात्र हातची जाऊ दिली नाही. राखीव प्रदेशाच्या बाहेरसुद्धा, ‘नेहमीच्या व वहिवाटीच्या जागी’, प्रदेशातील नागरिकांबरोबर ‘सामाईकपणे’ मासे धरण्याचा आणि ते वाळविण्यासाठी तात्पुरत्या झोपड्या उभारण्याचा हक्क त्यांनी तहात लिहवून घेतला.

‘वहिवाट’ हा मराठी शब्द आम्ही जाणीवपूर्वक योजला आहे. इंग्रजी मसुद्यातील शब्दाला कोशात ‘सवयीचा’, ‘परिचित’ असे पर्याय मिळतील. पण सवय ही माणसाची असते, वहिवाट ही माणूस आणि जागा या दोघांची मिळून असते. आपल्या गावगाड्यात वहिवाट मोडणे म्हणजे काय, हे बांधावरून ज्यांच्या घरात खटले चालले आहेत त्यांना सांगावे लागत नाही. तहाच्या या ओळीचा इतिहास म्हणजे तिचा अर्थ कोण लावणार याचा इतिहास होय.

पहिला मोठा तंटा माशांच्या रहाटावरून झाला. प्रवाहाच्या जोरावर फिरणारी आणि मासे आपोआप उपसणारी ही चाके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नदीकाठी उभी राहिली. विनान्स नावाच्या बंधूंनी सेलिलोजवळची जमीन विकत घेतली, राज्याचा परवाना काढला, कुंपण घातले आणि याकामांना काठावर येण्यास मज्जाव केला. जमीन आमची, मग तुमचा हक्क कसला, असा रोकडा युक्तिवाद. १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती मॅककेना यांच्या निवाड्यातील दोन मुद्दे आम्हांला फार मोलाचे वाटतात. एक म्हणजे, मासेमारी या लोकांना श्वासाच्या हवेइतकीच आवश्यक होती. दुसरा मुद्दा वाचनाच्या दिशेचा आहे: तहाने सरकारने इंडियनांना हक्क दिले असे नव्हे, तर इंडियनांनी सरकारला हक्क दिले आणि जे दिले नाहीत ते त्यांच्याकडेच राहिले. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे उलटे करून पाहताच संपूर्ण संहिता वेगळी दिसू लागते. वर्गात ‘दृष्टिकोन’ शिकविताना आम्ही कादंबऱ्यांचे उतारे देतो. हा निवाडा द्यायला हरकत नाही.

परंतु निवाड्याने कुंपण काढता येते, धरण थांबवता येत नाही. १९३३ मध्ये खालच्या अंगाला बॉनव्हिल धरणाचे काम सुरू झाले. १९३८ मध्ये ते पुरे झाले आणि त्याच्या फुगवट्याने मासेमारीच्या सुमारे चाळीस जागा घेतल्या. त्या बदल्यात ४०० एकर देण्याचे वचन सरकारने दिले होते. पुढच्या कित्येक दशकांत प्रत्यक्ष मिळाले ते चाळीसेक एकर. त्याच वर्षांत वर ग्रँड कूलीचे प्रचंड धरण उभे राहत होते. त्यात माशांना चढून जाण्यासाठी शिडीच ठेवलेली नव्हती. वरचे हजार मैलांहून अधिक नदीनाले सामनला कायमचे बंद झाले. तेथील केटल फॉल्स बुडण्यापूर्वी, १९४० च्या जूनमध्ये, अनेक जमातींची माणसे तीन दिवस एकत्र जमली. त्या जमण्याला ‘अश्रूंचा सोहळा’ असे नाव आहे.

हे नाव ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. १९४१ च्या मे महिन्यात, म्हणजे त्या सोहळ्यानंतर वर्षभराच्या आतच, वुडी गथ्री नावाचा लोकगायक कोलंबियाच्या काठी आला. बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी वीजखात्याने त्याला एका महिन्यासाठी नोकरीवर घेतले होते. पगार २६६ डॉलर ६६ सेंट. काम, धरणांच्या प्रचारपटासाठी गाणी रचणे. महिनाभरात त्याने २६ गाणी केली. त्यांतील कोलंबियाला उद्देशून केलेले गाणे इतके रुळले की १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्याने ते आपले अधिकृत लोकगीत केले.

गथ्री हा काही सरकारचा भाट नव्हे. ओक्लाहोमाच्या धुळीच्या वादळांत घरदार गमावून पश्चिमेकडे निघालेल्या शेतकऱ्यांचा तो गायक. स्वतः त्यांच्यातलाच. त्याला धरणात दिसले ते या विस्थापितांना मिळणारे ओलिताचे शेत, वीज आणि मजुरी. खासगी वीजकंपन्यांच्या मक्तेदारीला सार्वजनिक मालकीचे उत्तर. त्याची कळकळ खरी आहे, आणि म्हणूनच त्याची दृष्टी जेथे पोचत नाही ती जागा अधिक बोचते. त्या प्रसिद्ध गाण्यात मूलनिवासी येतात, पण कसे? गोऱ्या वसाहतवाल्यांशी लढणारे शत्रू म्हणून. लढाई जिंकल्यावर त्यांना फासावर चढविल्याची फुशारकी मारणारे एक कडवे त्यात आहे. आज गाताना ते बहुधा गाळले जाते. गाळणाऱ्यांचा हेतू आम्ही समजू शकतो. तरीही आमचे मत असे की अभ्यासकाने ते कडवे गाळू नये. एका विस्थापिताचा कवी दुसऱ्या विस्थापिताला कसा पाहू शकत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा सहजी मिळणार नाही. ज्यांना काव्यात ‘जनता’ हा शब्द वापरण्याची सवय आहे, त्यांनी तर तो जवळ बाळगावा.

सेलिलोवर पाळी आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४८ च्या मे महिन्यात कोलंबियाला पूर येऊन पोर्टलंडजवळचे व्हॅनपोर्ट हे शहर वाहून गेले आणि पूरनियंत्रण हा शब्द सर्वांच्या तोंडी आला. जहाजांना वर जाण्यासाठी मार्ग हवा होता. १९१५ चा जुना कालवा अपुरा पडत होता. पण खरी भूक विजेची होती. ॲल्युमिनियम, विमाने, हॅनफर्डचा अणुप्रकल्प आणि शीतयुद्ध यांची ती भूक होती. १९५० मध्ये अमेरिकन काँग्रेसने द डॅल्स धरणास मंजुरी दिली, १९५२ मध्ये काम सुरू झाले. जमातींनी विरोध नोंदविला, तहाचा दाखला दिला. काळही प्रतिकूल होता. १९५३ मध्ये काँग्रेसने ठराव करून जमातींचे वेगळे अस्तित्वच टप्प्याटप्प्याने संपविण्याचे धोरण स्वीकारले होते. ज्याला संपवायचे ठरले त्याच्याशी केलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या तहाची मातब्बरी ती किती राहणार?

मग आला हिशेब. धबधब्याची किंमत कशी काढावी? लष्कराच्या अभियंता दलाने काढली ती अशी: वर्षाला सरासरी किती मासा धरला जातो ते पाहायचे, त्याचा बाजारभावाने पैसा करायचा, आणि तेवढे वार्षिक उत्पन्न व्याजरूपाने मिळण्यास मुद्दल किती लागेल ते मांडायचे. ते मुद्दल म्हणजे सेलिलो. चार जमातींना मिळून सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर देण्यात आले. त्यांतले दीड कोटी याकामांचे. माणशी वाटणी जेथे झाली, तेथे सुमारे ३७५० डॉलर हाती पडले. गणित चोख होते. चूक शोधायची तर ती गणितात नाही. पेठ, सोयरीक, पहिल्या माशाचा सोहळा, आजोबांच्या मचाणावर उभे राहण्याचा नातवाचा मान, यांपैकी काहीही ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात बसत नव्हते, म्हणून ते लिहिलेच गेले नाही. वॉर्म स्प्रिंग्जच्या लोकांनी रक्कम लगेच वाटून न टाकता तीतून ओरेगन स्टेट कॉलेजकडून आपल्या प्रदेशाचा अभ्यास करून घेतला आणि १९६४ मध्ये एक विश्रामस्थळ उभारले. हा शहाणपणा खरा. पण तोही बुडालेल्या गोष्टीच्या मोबदल्यावरचा शहाणपणा.

आणखी एक पेच होता. भरपाई मिळाली ती राखीव प्रदेशांच्या पटावर नाव असलेल्यांना. सेलिलोच्या काठी वर्षभर राहणाऱ्या घरांपैकी कित्येकांनी तहानंतरही नदी सोडून राखीव प्रदेशात जाणे नाकारले होते. नदी न सोडल्यामुळे त्यांची नावे पटावर नव्हती, आणि पटावर नसल्यामुळे नदी गेल्याचा मोबदला मिळण्यात अडचण. अँड्र्यू फिशर या इतिहासकाराने नदीकाठच्या या लोकांवर २०१० मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात त्यांना ‘छाया-जमात’ म्हटले आहे, ते यथार्थ होय. सेलिलोचा वृद्ध मुखिया टॉमी थॉम्प्सन याने धबधब्याचे पैसे घेण्यास अखेरपर्यंत नकार दिला. १९५९ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे वय शंभरीपार असल्याचे मानले जात होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या हस्ते धरणाचा लोकार्पण समारंभ झाला. धरणामागच्या जलाशयाला अधिकृत नाव देण्यात आले ‘लेक सेलिलो’. बुडविलेल्याचे नाव बुडविणाऱ्याला देण्याची ही रीत जगभर सारखीच दिसते.

मराठी वाचकाला येथे मुळशी आठवल्यावाचून राहणार नाही, आणि आठवण अस्थानी नाही. तेथेही जलविद्युतच होती, मुंबईच्या गिरण्यांसाठी. १९२१ च्या सत्याग्रहात मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हटले, आणि तेथेही भरपाई कोणी घ्यायची याचा वाद होता, कारण बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढलेली होती. कागदावरचा मालक आणि मातीतला वहिवाटदार यांतली ही फट सेलिलोच्या पटावरील नावांसारखीच आहे. फरक एवढाच, पण मोठा, की मावळ्यांच्या हाती तह नव्हता. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त पुनर्वसनाच्या कागदांचे जे अरण्य आहे, त्यात हरवलेल्या माणसाला बोट ठेवून दाखविण्यासारखी १८५५ ची एक ओळ असती तर काय झाले असते, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

कारण ती ओळ बुडाली नाही. भरपाई जागांची झाली होती. हक्क विकला गेला नव्हता. १९६० च्या दशकात डेव्हिड सोहापी या याकामा कोळ्याने राज्याचे नियम झुगारून जाळी टाकणे चालू ठेवले, आणि त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९६९ मध्ये न्यायाधीश बेलोनी यांनी जमातींना माशांचा न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे असे ठरविले. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी शेजारच्या वॉशिंग्टनमधील प्रकरणात ‘सामाईकपणे’ या शब्दाचा अर्थ लावला: निम्मे निम्मे. एका क्रियाविशेषणाने हजारो जाळ्यांचे भवितव्य बदलले. भाषेचे अध्यापन निरुपयोगी आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही नोंद. सोहापीला स्वतःला मात्र याचे सुख फारसे लाभले नाही. १९८० च्या दशकात बेकायदा मासेविक्रीच्या आरोपाखाली त्याला कैद भोगावी लागली, आणि १९९१ मध्ये तो वारला. १९७७ मध्ये चारही जमातींनी मिळून स्थापलेला मत्स्य-आयोग आज नदीच्या व्यवस्थापनात ठामपणे बोलतो, पण तो ज्या माशांविषयी बोलतो त्यांची संख्या पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली आहे.

साहित्यात सेलिलो उशिरा आला, आणि आला तो न पाहिलेल्यांच्या लेखणीतून. एलिझाबेथ वुडी ही कवयित्री १९५९ मध्ये जन्मली. धबधबा जाऊन दोन वर्षे झाली होती. वॉर्म स्प्रिंग्ज आणि वायम हा तिचा एक वारसा. २०१६ ते २०१८ या काळात ती ओरेगनची राजकवी होती. जो आवाज आपण कधी ऐकला नाही त्याच्या अभावासह आपण वाढलो, हे तिच्या लेखनाचे एक केंद्र आहे. आपल्याकडे स्मरणरंजनाची इतकी सवय झाली आहे की हरवलेल्यावरचे लेखन म्हणजे स्वतः भोगलेल्याची आठवण, असे आपण धरून चालतो. येथे आठवण वारशाने आलेली आहे, मचाण येई तशी. त्यामुळे तिच्यात गोडवा कमी आणि जबाबदारी अधिक आहे.

२००८ मध्ये अभियंता दलाने ध्वनिलहरींच्या साहाय्याने जलाशयाच्या तळाचे मोजमाप केले. खडक सुरुंगाने उडवून दिले असावेत असा समज अनेक वर्षे होता. प्रतिमांत मात्र धबधब्याचे कडे आणि चिरा जशाच्या तशा दिसल्या. तो तेथे आहे. त्याच्यावर पाणी आहे इतकेच. त्याच परिसरातील क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२३-२४ मध्ये पाडली गेली आणि काही आठवड्यांत सामन वर चढले, त्यामुळे असल्या गोष्टी केवळ स्वप्नरंजन राहिलेल्या नाहीत. मात्र कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीवरील धरणांविषयी २०२३ मध्ये जमातींशी झालेला समझोता २०२५ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी रद्द केला. आणि द डॅल्सला २००६ पासून गूगलचे मोठे संगणक-केंद्र आहे. नदीकाठची स्वस्त वीज हे ते तेथे येण्याचे एक प्रमुख कारण होते.

बुडालेल्या जागांच्या बदल्यात दिलेल्या मासेमारीच्या ३१ जागा आज नदीच्या दोन्ही काठांवर विखुरलेल्या आहेत. त्या हंगामापुरत्या उतरण्यासाठी आखल्या गेल्या; पण घरे गेल्यामुळे कित्येक कुटुंबे तेथे बारमाही राहतात, जुन्या गाड्यांत आणि पत्र्याच्या आडोशांत. या जागांवर पाणी, स्वच्छतागृहे आणि वीज यांची सोय सुधारण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने कायदा केला तो २०१९ च्या डिसेंबरात, द डॅल्सच्या धरणातून वीज वाहू लागल्यानंतर बासष्ट वर्षांनी.